मंदाच्या हातावरची निळी रेघ

सर्जन मॅडमनी खिशातलं निळं पेन काढलं आणि माझ्या बायकोच्या उजव्या हातावर, कोपराच्या चार बोटं खाली, गोल रेघ ओढली. लाली जिथं संपत होती बरोबर तिथं. रेघेशेजारी वेळ लिहिली, दोन दहा. मी शिंपी. तीस वर्षं झाली, कापडावर अशाच खुणा करतोय, आणि आमच्या धंद्यात खूण झाली की पुढं कातर चालते.

"काका, मला नेक्रोटायझिंग फॅसायटिसचा संशय आहे," मॅडम म्हणाल्या.

हे नाव मी नंतर चार दिवस पाठ करत होतो. कातडीच्या खाली, स्नायूंवरून एक पातळ आवरण गेलेलं असतं. एखादा जंतू तिथं शिरला की ते आवरण मरत जातं, आणि मरण वर दिसायच्या आधी आतल्या आत पसरतं. कोटाचं वरचं कापड धड दिसावं आणि कसर आतल्या अस्तराला लागलेली असावी, तसं. मंदाच्या हातावर वरून बघितलं तर काय होतं? सूज, लाली, आणि मनगटाच्या वर एका काजाएवढी जखम. शर्टाचं एक बटण जाईल एवढी.

तुमच्या घरात असं कधी होऊ नये. पण झालंच तर चार तास वाचावेत म्हणून हे लिहितोय. आमचे गेले, आणि ते कसे गेले हे सांगायला मला लाज वाटते. तरी सांगतो.

आमचं मूळ मेंढरं राखणाऱ्या घरातलं. मी तरुणपणी फुलंब्रीकडून शहरात आलो, गारखेड्यात एका गाळ्यात मशीन टाकली आणि तिथंच राहिलो. कटिंग आणि मशीन माझी, हाताचं काम मंदाचं. काज, हूक, साडीचा फॉल, तुरपाई. तिची तुरपाई अशी की टाका कुठं घातलाय ते उलट बाजूनंसुद्धा दिसत नाही. गिऱ्हाईक माझ्या नावानं येतं आणि तिच्या हातासाठी परत येतं, हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नव्हतं.

तिचा भाऊ मारुती अजून मेंढरं पाळतो. दिवाळी उलटून थंडी पडायला लागली होती, त्यांच्याकडं लोकर कातरायचं काम निघालं होतं. रविवारी आम्ही गेलो. मेंढीचे पाय बांधून आडवी पाडतात आणि लोखंडी कातरीनं लोकर काढतात. मंदाला राहवेना. भावाच्या हातातली कातर घेऊन म्हणाली, "सरक, तुला नाय येत. म्या दावते." अर्धी मेंढी झकास कातरली. मग मेंढीनं झटका दिला, कातर हातातून निसटली आणि तिचं टोक मंदाच्याच उजव्या हातात घुसलं. सगळे हसले. तीही हसली. पदरानं रक्त पुसून तिनं राहिलेली अर्धी मेंढी पूर्ण केली.

आता माझी करणी.

माझ्या आईचा एक उपाय होता. फोड असो, खरचटलेलं असो, चावलेलं असो, सकाळी उठल्यावर तोंड न धुता, पाणी न पिता शिळी थुंकी लावायची. तुमच्यापैकी निम्म्यांच्या आयांनी तुम्हाला ती लावली असेल, उगीच नाक मुरडू नका. शिंप्याला तर थुंकीचं काहीच वाटत नाही. दोरा ओठांत ओला केल्याशिवाय सुईत जात नाही, आणि सुई टोचली की बोट आपोआप तोंडात जातं. सोमवारी सकाळी मी उठलो, मंदाचा हात ओढला आणि जखमेला शिळी थुंकी चोळली. मंगळवारी परत.

त्या आठवड्यात माझा घसा दुखत होता. नात आरोही, पाच वर्षांची, शाळेतून ताप आणि घसा घेऊन आली होती. तिचा मला लागला. मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होतो, गोळ्या चघळत होतो, आणि त्याच तोंडानं बायकोवर उपचार करत होतो.

मंगळवारी दुपारी मंदाला थंडी वाजून ताप आला. हात ठणकायला लागला. गल्लीतल्या डॉक्टरांनी जखम बघितली, तापाची गोळी दिली आणि जास्त वाटलं तर लगेच या म्हणाले. बुधवारी सकाळी नऊला हात सुजून तकतकीत झाला होता. पण मला चमत्कारिक वाटली ती सूज नाही, तिचं कण्हणं. ही बाई दोन बाळंतपणांत ओरडली नाही. आता हातावर चादर टेकली तरी विव्हळत होती.

"अवं, आतून कुणी तरी चिरतंय," ती म्हणाली. "वरून काय दिसतंय का?"

वरून काही दिसत नव्हतं. जखम तेवढीच होती, काजाएवढी. मी म्हणालो, उगं बाऊ करू नको. हे वाक्य मला पुढं फार दिवस ऐकू येत राहिलं.

मारुतीच्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, "दाजी, लाल सरकतंय का वर? मग धावरं हाय ते. गेरू लावा, उतरतंय." मी गेरू आणायला चपला घातल्यासुद्धा. दारातून मागं वळून विचारलं, चहा घेणार का? मंदा काहीतरीच बोलली. म्हणाली, मेंढी सुटली, धरा. डोळे उघडे होते पण ती माझ्याकडं बघत नव्हती. तिचे पाय हातात घेतले तर गार.

गेरू राहिला. मुलगा गणेश वाळूजच्या कारखान्यात असतो, त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता म्हणून घरी सापडला. आम्ही तिला उचलून रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

तिथं बीपी घेतलं, वरचा आकडा नव्वदच्या खाली. रक्त काढलं, सलाइनच्या दोन बाटल्या एकदम लावल्या, अँटिबायोटिक सुरू केलं, सर्जन मॅडमना बोलावलं. त्यांनी हात दाबून बघितला, मंदानं किंकाळी फोडली. मॅडमनी विचारलं, "दुखणं जखमेच्या मानानं फारच जास्त आहे, असं सकाळपासून आहे का?" मी हो म्हणालो. हीच या आजाराची मोठी खूण, असं त्यांनी नंतर सांगितलं. दिसतंय थोडं आणि दुखतंय फार. ताप, वांती, भ्रम, गार हातपाय. असं असेल तर उद्यावर टाकायचं नाही.

मग ती रेघ. तीन वाजता मॅडम परत आल्या. लाली रेघ ओलांडून चार बोटं वर गेली होती, कोपरात पोचली होती. मी ती रेघ पुसली गेली असेल म्हणून जवळ जाऊन बघितलं. रेघ जागच्या जागी होती.

मॅडम माझ्याशी खुर्चीत बसून बोलल्या, हे मला आवडलं. "हात उघडून मेलेला भाग काढावा लागेल. जिथं चांगलं रक्त येतं तिथंपर्यंत. नुसत्या औषधानं हे थांबत नाही, कारण मेलेल्या भागात रक्त जात नाही, मग औषध तरी कसं पोचणार? आणि काका, जीव वाचवायला गरज पडली तर हात कोपराच्या वर काढावा लागेल. त्याचीही सही लागेल."

"शिलाईचा हात हाय मॅडम," मी म्हणालो. त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही.

"आधी काकू, मग हात. दोन्हीसाठी प्रयत्न करते."

सही केली. गणेश म्हणतो माझी सही बँकेत चालली नसती अशी झाली होती.

थिएटरबाहेर लोखंडी बाकं होती. शेजारी अजिंठ्याकडचे एक आजोबा बसले होते, त्यांच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चाललं होतं. त्यांनी डबा उघडून मला भाकरी दिली. मी नको म्हणालो, त्यांनी हातात ठेवलीच. "खा. उपाशी बसून आत काय फरक पडत नाय." मी खाल्ली. अडीच तासांनी मॅडम बाहेर आल्या आणि मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडं नाही, हातांकडं बघितलं, त्यांनी काही धरलंय का म्हणून.

"हात आहे," त्या म्हणाल्या. "उद्या परत आत जाऊन बघायचं. हे एकदा उघडून भागत नाही."

मंदा व्हेंटिलेटरवर होती. जंतूचं विष रक्तात गेल्यानं बीपी सावरत नव्हतं, त्याला टॉक्सिक शॉक म्हणतात. किडन्याही दमल्या होत्या. लघवीच्या पिशवीत दिवसभरात चहाचा कप भरेल एवढंही नव्हतं. गुरुवारी परत ऑपरेशन, अजून थोडा भाग काढला. मॅडम म्हणाल्या, पसरणं मंदावलंय, पण थांबलं असं आज म्हणणार नाही.

शुक्रवारी सकाळी नर्सताईंनी मला आयसीयूच्या दारातूनच बोट वर करून खूण केली. पिशवीत निम्म्यापर्यंत आलं होतं. बायकोच्या लघवीकडं बघून कुणी रडलं असेल तर हात वर करा, मी पहिला.

त्याच दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. कल्चर म्हणजे जखमेतला आणि रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायचा. जंतूचं नाव ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस. मॅडमनी आधीच पेनिसिलिन जातीचं औषध लावलं होतं, जोडीला क्लिंडामायसिन नावाचं दुसरं. एक औषध जंतू मारतं, दुसरं त्याचं विष बनणं बंद करतं, म्हणून दोन्ही लागतात. नाव कळल्यावर बाकीची औषधं बंद केली. हा जंतू पेनिसिलिनला अजूनही घाबरतो, म्हणाल्या. एवढा मोठा राक्षस आणि इतक्या जुन्या औषधाला घाबरतो हे ऐकून मला त्याही स्थितीत बरं वाटलं.

मग त्यांनी वही काढून विचारलं, "घरात गेल्या दोनेक आठवड्यांत कुणाचा घसा दुखत होता?"

गणेश म्हणाला, "आरोहीचा. मग बाबांचा."

मॅडमनी समजावलं. हा जंतू घशातला रहिवासी. लहान मुलांत जास्त. खोकला, शिंक, थुंकी, जखमेतला स्राव यांतून एकाचा दुसऱ्याला लागतो. शंभरातल्या बहुतेकांचा घसा दुखतो आणि बरा होतो. काहींच्या घशात तर तो काही त्रास न देता बसून असतो. फार क्वचित तो जिथं त्याचं काही काम नाही तिथं शिरतो, रक्तात, स्नायूत, त्या आवरणात. त्यालाच इन्व्हेजिव्ह म्हणजे आत घुसलेला संसर्ग म्हणतात. म्हातारी माणसं, साखर असलेले, बाळंतिणी, कांजिण्या झालेली मुलं यांना धोका जास्त. पण मंदासारख्या धडधाकट बाईलाही होतो.

"थुंकीतनं जखमेत जातो का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, परत विचारावं लागलं.

"का विचारताय?"

सांगितलं. सोमवार, मंगळवार, शिळी थुंकी, आई, सगळं. गणेश माझ्याकडं बघत राहिला.

"जाऊ शकतो," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याच थुंकीतून गेला हे मी सिद्ध करू शकत नाही. एका घरात राहता, एका ताटात जेवता. आरोहीकडून थेट आला असेल, मेंढीच्या लोकरीतून आला असता तर बहुधा दुसराच जंतू निघाला असता. खोटा दिलासा देत नाही, पण स्वतःला फाशीही देऊ नका. यापुढं कुणाच्याही जखमेला थुंकी नाही. साबण आणि वाहतं पाणी, वर स्वच्छ पट्टी. एवढं चार लोकांना सांगा."

आता चारापेक्षा जास्त लोकांना सांगतोय.

आम्हा सगळ्यांचे घशाचे नमुने घेतले. माझ्यात सापडला, आरोहीत सापडला. घरी फ्रीज उघडला तर आरोहीच्या औषधाची बाटली दारातच होती, अर्धी भरलेली. तिसऱ्या दिवशी पोरगी उड्या मारायला लागली म्हणून सुनेनं औषध बंद केलं होतं. सुनेला काय बोलणार, मीही तेच केलं असतं. आम्हा दोघांना पूर्ण दहा दिवसांचा कोर्स दिला आणि घरातल्या सगळ्यांना महिनाभर ताप, घसा, लाली यांवर नजर ठेवायला सांगितलं. दहाव्या दिवसापर्यंत मी एकही गोळी चुकवली नाही. आरोही माझ्या हातून घ्यायची आणि तोंड वाकडं करून मला म्हणायची, आजोबा, तुम्ही आधी.

शनिवारी तिसऱ्यांदा आत नेलं. मॅडम बाहेर आल्या त्या हसतच. "स्वच्छ आहे. काही काढावं लागलं नाही." रविवारी श्वासाची नळी निघाली. मंदाचा पहिला शब्द होता पाणी, दुसरा वाक्यभर होता: "त्या देसाई बाईंच्या सहा साड्यांचे फॉल राहिले ना?"

वॉर्डात आणल्यावर तिनं पहिल्यांदा ड्रेसिंग बघितलं. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत कातडी नव्हती. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, ती हाताकडं. मग तिनं बोटं हलवायचा प्रयत्न केला. अंगठा हलला. पहिलं बोट हललं. मधलं थोडं. शेवटची दोन तशीच पडून राहिली. "दोन गेली म्हणायची," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

तिला सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. गणेश म्हणाला, नका सांगू, ती आत्ताच वर आलीये. पण तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून लपवलेल्या गोष्टी ती आठ दिवसांत शोधून काढते. ही तिला दुसऱ्याकडून कळली असती तर मेलोच असतो. दवाखान्यातल्या नवव्या दिवशी दुपारी, जेवणाचं ताट बाजूला झाल्यावर, मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. रडलोही. माझ्यामुळं तुझा हात गेला असता, तूच गेली असतीस, असं म्हणालो.

पलीकडच्या खाटेवरची बाई उगाच केळं सोलत बसली होती, कान इकडं.

"म्या बी लावायची," मंदा शेवटी म्हणाली. "गणेशच्या गुडघ्याला. आरोहीला मुंगळा चावला तवा बी. तुमच्या आईनं म्हंजी सासूबाईंनीच शिकवलं." मग थोडं थांबून, माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "पर लगीन होऊन तीस वर्सं झाली. तुमच्या थुंकीत एवढा जोर हाय हे आज कळलं बघा."

पलीकडची बाई फसकन हसली. मीही हसलो, नाक गळत होतं तसाच. मंदाला हसताना हात दुखला, तिनं मला शिवी दिली, आणि त्या शिवीनं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

पुढं मांडीची कातडी काढून हातावर लावली, त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. चौथ्या दिवशी पट्टी उघडताना मॅडमनी मला मुद्दाम बोलावलं. "काका, बघा, तुमच्या नजरेला कसं वाटतंय?" ठिगळच होतं, पण जमलेलं. मी म्हणालो, शिवण चांगली आहे. चोवीस दिवसांनी आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर फिजिओथेरपी. मऊ चेंडू दाबायचा, टेबलावर नाणी उचलायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण मिटत नाही, कदाचित मिटणारही नाही. आम्ही दोघांनी ते मान्य केलंय, म्हणजे मी केलंय, ती अजून रोज त्या बोटांशी भांडते.

मी आता गाळ्यात मशीनशेजारी पाण्याची वाटी ठेवतो. तीस वर्षांची सवय एका वाटीनं जात नाही, दिवसातून दहा वेळा दोरा ओठांपर्यंत येतो आणि मला आठवतं. गिऱ्हाईक विचारतं वाटी कशाला, मग मी ही गोष्ट सांगतो. काही जण हसतात. एक बाई मात्र नातवाचा गुडघा घेऊन गुपचूप डॉक्टरकडं गेल्या, त्यांनीच परत येऊन सांगितलं.

परवा मंदा गाळ्यात आली. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिच्या खुर्चीत बसली, सुई डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत दोरा घेतला. सवयीनं तो ओठांकडं गेला. मी मशीन थांबवली. तिनं माझ्याकडं बघितलं, दोरा खाली आणला आणि वाटीत बुडवला.

पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदाही. मी हात पुढं केला तर म्हणाली, "व्हा तिकडं."

तिसऱ्यांदा दोरा सुईतून गेला. तिनं गाठ मारली, मांडीवर साडी ओढली आणि मान खाली घालून फॉल लावायला घेतला. मीही मशीन सुरू केली, पण पुढची दहा मिनिटं मी एक सरळ शिवण घालू शकलो नाही.